ओवाळणीचा सव्वा रुपया

शकू, तुझ्या दहाव्याला कावळा शिवला नाही.

नेवाशाला प्रवरेच्या काठी पिंड ठेवले आणि आम्ही सगळे मागे सरकून उभे राहिलो. कावळे नव्हते असं नाही. पलीकडच्या बाभळीवर बसून माना वाकड्या करून बघत होते. एक तर खाली उतरला, पिंडाभोवती फिरला आणि परत गेला. मग अशा वेळी जे होतं ते सुरू झालं. तुझी वहिनी म्हणाली, वैशालीचं शिक्षण मधेच तोडणार नाही आम्ही. माझ्या आत्यानं सांगितलं की तुझ्या माणसाला दोन वेळचं कोण घालणार याचा घोर तू करू नकोस. शेजारच्या शेवंताबाई नागापूरहून टेम्पोत बसून आल्या होत्या, त्या पुढं झाल्या आणि म्हणाल्या, "भिशी मोडू देनार न्हाई बाई. ये आता, ऊन झालंय, मानसं उपाशी हायेत." रडता रडता बायका हसल्या. कावळा आला नाही.

गुरुजींनी माझ्याकडं पाहिलं. काही राहिलं असेल तर बोला, म्हणाले. काय राहिलंय ते मला ठाऊक होतं. मी हात जोडले आणि मनातल्या मनात म्हणालो, निवृत्तीदादाचे पाच हजार मी देतो, शकू. तुझ्यापासून लपवून घेतले होते. देतो.

तरीही आला नाही. शेवटी दर्भाचा कावळा करून शिववला आणि लोक जेवायला बसले. मी पानावर नुसता बसून राहिलो. मला वाटलं, बरोबर आहे. माझ्या शब्दावर तू का विश्वास ठेवावास?

मी बोलणारा माणूस नाही, हे तुझ्याइतकं कुणाला माहीत नाही. तेवीस वर्षांच्या संसारात तू बोललीस आणि मी ऐकलं, किंवा ऐकतोय असं दाखवलं. आता ऐकायला तू नाहीस, म्हणून लिहितोय.

तुला मशीनपासूनचं सगळं माहीतच आहे, पण मला ते एकदा माझ्या तोंडानं सांगायचंय. नव्वद साली मी एमआयडीसीतली टर्नरची पक्की नोकरी सोडली. स्वतःचं लेथ मशीन टाकायचं डोक्यात बसलं होतं. तू म्हणाली होतीस, दोन वर्षं थांबा, गाठीला थोडं बांधू, मग टाका. मी थांबलो नाही. पतसंस्थेचं कर्ज काढलं, जुनं मशीन आणलं, भाड्याच्या शेडमध्ये नारळ फोडला. ज्या कारखान्याचं काम मिळायचं तो वर्षाच्या आत आजारी पडला आणि माझी बिलं त्याच्याकडंच अडकली. पतसंस्थेचे हप्ते भरायला सावकार गाठला. सावकाराचं व्याज थकलं तेव्हा तुला न सांगता एसटीत बसलो आणि शिंगणापूरला तुझ्या भावाच्या दुकानात जाऊन उभा राहिलो.

दादा गिऱ्हाइकांना तेल आणि रुईच्या पानांच्या माळा देत होता. माझं ऐकून घेतलं, हात पुसले, घरात गेला आणि पैसे घेऊन आला. देताना एवढंच विचारलं, "शकूला म्हाईत हाय ना, दाजी?" मी म्हणालो, तिला कशाला घोर. आपल्या दोघांतच राहू द्या. त्यानं मान हलवली, पण त्याला ते रुचलं नव्हतं. ज्या गावात घराला दार लावत नाहीत, तिथं जाऊन मी एक गोष्ट झाकून आलो.

मशीन भंगाराच्या भावात गेलं त्या दिवशी मी तुझ्यापुढं बसलो. तू सुपात ज्वारी घेऊन खडे वेचत होतीस. पतसंस्था, सावकार, किराणा, शेडचं भाडं, एकेक सांगत गेलो. तू मान वर केली नाहीस. सगळं ऐकून झाल्यावर विचारलंस, "सगळं सांगितलं ना?" मी म्हणालो, सगळं.

तो क्षण मी आजवर हजारदा उलटून पाहिला असेल. दादाचं नाव ओठावर आलं होतं. पण माहेरच्या माणसापुढं हात पसरला, हे तुला कळलं तर तू माझ्याकडं कशी बघशील, ते मला बघवणार नव्हतं.

दुसऱ्या दिवसापासून तू चाळीत घरोघर हिंडायला लागलीस. मला वाटलं, उसनं मागत फिरतेस. तू भिशी जमवत होतीस. महिन्याला प्रत्येकीनं शंभर टाकायचे, दर महिन्याला एकीनं सगळे उचलायचे. भिशी चालवणारीनं पहिला नंबर घ्यायचा, हा सगळीकडचा रिवाज. मला वाटलं, पहिली उचल तू सावकाराच्या तोंडावर मारणार. मनातून मी खूशही झालो होतो.

पहिल्या भिशीला, दिवाळी तोंडावर असताना, बायका आपल्या एका खोलीत दाटीनं बसल्या होत्या. मी बाहेर ओट्यावर. तू दार सताड उघडं ठेवलं होतंस. तुला दाराची सवय कधी लागलीच नाही. कडी घालायला विसरायचीस आणि मी चिडायचो. आतून तुझा आवाज आला, आणि तो अख्ख्या चाळीला ऐकू जाईल असा होता.

"पैशे टाकायच्या आदी ऐका. आमच्यावर अडतीस हजाराचं कर्ज हाय. पतसंस्थेचं, सावकाराचं, किरान्याचं आन् शेडचं. ह्याच्याबाहेर एक रुपया न्हाई. मी पैला नंबर घ्येनार न्हाई, शेवटचा घ्येनार. तवर तुमचे तुमाला मिळालेले आसतील. पटत आसंल तर बसा, न्हाईतर चा पिऊन जा."

मग शेवंताबाईंचा आवाज. "आमचा मानूस म्हनंल, कर्जवाल्या बाईकडं पैशे ठिवते, डोकं फिरलं का तुजं?" थोडं थांबून म्हणाल्या, "आन् त्येच्यावर किती हाय ते त्यो मला अजून सांगत न्हाई. लिही माजं नाव."

बायका हसल्या. मी मात्र ओट्यावर थिजून बसलो होतो. पहिली गोष्ट, तू माझी लाज चारचौघांत मांडली होतीस. दुसरी गोष्ट त्याहून वाईट होती. ह्याच्याबाहेर एक रुपया न्हाई, हे तू छाती ठोकून म्हणालीस, आणि ते खोटं होतं. तुझ्या तोंडी ते खोटं मी घातलं होतं. उठून आत जायचं आणि पाच हजार वाढवून सांगायचे, एवढंच करायचं होतं. मी चप्पल घातली आणि नाक्यावर जाऊन बसलो.

नंतर कितीतरी दिवस मी तुझ्याशी बोललो नाही. लाज काढलीस माझी, असं एकदाच म्हणालो. तू चुलीवरून नजर न काढता म्हणालीस, "काढली न्हाई. घरात दडवून ठिवली हुती ती दारात आनून ठिवली. आता कुनी हुडकायला आत येनार न्हाई."

पुढची वर्षं तू कशी ओढलीस, हे आठवलं की आजही थक्क होतो. मी पुन्हा नोकरीला लागलो, पहिल्यापेक्षा कमी पगारावर, दुसऱ्याच्या मशीनवर. पगार आणून तुझ्या हातात द्यायचा, एवढंच माझं काम. तू शिवणकाम धरलंस. सावकाराकडं मला कधी पाठवलं नाहीस. स्वतः जायचीस, त्याच्या पायरीवर बसायचीस आणि पावती लिहून दिल्याशिवाय उठायची नाहीस. तो म्हणे माझ्याबद्दल विचारायचा, मालक कुठंयत? तू म्हणायचीस, मालक कामाला गेलेत, तुमचंच भरायला.

आणि हप्ता भरला की त्या दिवशी घरात गुळाचा शिरा. हे कुठून सुचलं होतं तुला? लोकांच्या घरी हप्त्याच्या दिवशी भांडणं होतात. आपल्या वैशालीला तर हप्ता म्हणजे सणच वाटायचा. शाळेतून आली की दारातूनच ओरडायची, आई, आज हप्ता हाय का? शेजारपाजारी हसायचे. मीही हसायचो. कर्जात बुडालेल्या घरात एक पोर हप्त्याची वाट बघत मोठी झाली. हे दुसऱ्या कुणाला जमलं असेल, असं मला वाटत नाही.

आता भाऊबीजेचं.

त्याच पहिल्या दिवाळीला दादा आला. तू पाट मांडलास, ओवाळलंस. दरवर्षी तो ताटात नोटा टाकायचा, साडी आणायचा, मागोमाग बाजरीचं पोतं पाठवून द्यायचा. त्या वर्षी त्यानं ताटात सव्वा रुपया टाकला. साडी नाही. पोतंही आलं नाही. पुढच्या वर्षी तेच. त्याच्या पुढच्या वर्षीही तेच. सव्वा रुपया टाकताना त्याची नजर खाली असायची.

मला कळलं, म्हणजे कळलं असं वाटलं. माझ्या पाच हजारांचा राग तो तुझ्या ताटात काढत होता. मी गप्प बसलो असतो तर निदान तेवढं तरी माझ्या खाती जमा झालं असतं. पण ज्याचं आपण देणं लागतो त्याच्याच नावानं बोटं मोडायची खोड असते माणसाला. दादा परत गेला की मी सुरू व्हायचो. लोक तुझ्या भावाच्या दुकानातून तेल नेतात, त्या तेलावर तरी कमवत असेल की. बहिणीच्या ताटात काय, शनीच्या दानपेटीत टाकतो तेवढे? एकदा तर वैशालीसमोर म्हणालो, तुझ्या मामाला सांग, सव्वा रुपया जड होत असेल तर पुढच्या वर्षी नुसता रुपया टाक.

तू ताट उचलून आत न्यायचीस. "त्याला जमतंय तेवढं टाकतो," एवढंच म्हणायचीस. एकदाही उलटून बोलली नाहीस. आणि तू उलटून न बोलणारी बाई नव्हतीस.

मधे मी एक प्रयत्न केला होता. ओव्हरटाइमचे पाचशे तुझ्यापासून बाजूला ठेवले आणि दादाला नेऊन दिले. तो घेईना. म्हणाला, "शकूला सांगून द्या दाजी, मग घेतो." तुला सांगणं तेवढं माझ्याच्यानं होईना. परत आलो आणि ते पैसे ओव्हरटाइमचे म्हणून तुझ्या हातात ठेवले. तू माझ्याकडं जरा जास्तच वेळ पाहिलंस, एवढं आठवतं.

सगळं कर्ज फिटलं तेव्हा सावकाराची शेवटची पावती घेऊन तू शेवंताबाईंकडं गेलीस आणि भिशीच्या सगळ्या बायकांना दाखवून आलीस. त्यानंतर बचत सुरू झाली. पोस्टात खातं, भिशीचा शेवटचा नंबर, शिवणाचे पैसे. गेल्याच्या गेल्या दिवाळीत दादानं अचानक ताटात पाचशे रुपये टाकले, साडी आणली, बाजरीही आली. मी म्हणालो, पाझर फुटला वाटतं तुझ्या भावाला. तू त्या दिवशी हसलीस. मला वाटलं, साडीला हसलीस.

आणि त्याच संध्याकाळी तू म्हणालीस, "आता मशीन बघा."

मी चमकलो. तू म्हणालीस, पोस्टात पैसे आहेत, कर्ज न काढता जुनं लेथ येईल. दुसऱ्याच्या मशीनवर किती दिवस उभे राहणार? मी म्हणालो, बघू. पुढच्या महिन्यात तू परत विचारलंस. मी म्हणालो, बाजारात मंदी आहे. मग म्हणालो, जागा मिळत नाही. मग म्हणालो, वैशालीचं लग्न होऊ दे. वर्षभर तू हाच एक विषय धरून बसली होतीस आणि मी एकेक कारण काढत होतो. एकदा तू चिडलीस. "भ्याला तुमी," म्हणालीस. मी म्हणालो, हो, भ्यालो. वाद तिथंच राहिला. त्यानंतर तुझं दुखणं निघालं आणि मशीनचा विषय घरात परत झाला नाही.

कारण आता सांगतो. धंद्यात पडायला मी घाबरत नव्हतो. दादाचे पाच हजार बुडवून आपण साठवलेल्या पैशातून मशीन आणायचं, हे मला पेलेना. आधी ते द्यावे लागले असते, आणि द्यायचे तर तुला सांगावं लागलं असतं.

दहाव्याचं जेवण झाल्यावर दादा मला घाटाच्या पायरीवर घेऊन गेला. मीच आधी बोललो. म्हणालो, दादा, तुमचे पाच हजार या महिन्यात देतो. पोस्टातले काढतो.

तो माझ्याकडं बघतच राहिला. मग म्हणाला, "दाजी, ते फिटले की."

कुणी फेडले, मी विचारलं.

"तिनं. पैल्याच भाऊबीजेला तुमी भाईर ओट्यावर हुता. पाटावर बसलो, तर मी नजर चुकवतोय हे वळखून मला म्हनली, दादा, खरं सांग, ह्यांनी तुज्याकडनं किती घेतले? मला तिच्याशी खोटं बोलता येत न्हाई. सांगितलं. तर म्हनली, आजपासनं ताटात सव्वा रुपया टाक. माजी ओवाळनी, साडी, बाजरी, समदं ह्यांच्या नावानं वळतं कर." दादाचा आवाज फुटला. "भनीच्या ओवाळनीतनं कर्ज कापून घेनारा भाऊ कुठं बघितलाय का तुमी? मी न्हाईच म्हनत हुतो. तर म्हनली, मंग मी ओवाळायचीच न्हाई. आनलेली साडी बी पिशवीतच ऱ्हायली."

दादा बोलतच होता. "दर साल तुमी मला बोलत हुता, ते येत हुतं कानावर. मी म्हनलं तिला, सांगू का दाजींना? तर म्हनली, नको. ते सोताहून सांगतील तवा सांगतील. आपल्या गावाचं येगळं, दादा. काई मानसांना दार लागतंच."

म्हणजे कावळ्याला माझं वचन नकोच होतं. फिटलेलं देणं मी कबूल करत होतो. नदीकडं बघत मी सगळ्या दिवाळ्या पुन्हा आठवल्या. तुझ्या हातातलं ताट, त्यात तो सव्वा रुपया, मागून माझी टोमणेबाजी, आणि तू. जिनं अडतीस हजार अख्ख्या चाळीला ओरडून सांगितले, तिनं पाच हजार स्वतःच्या माहेरच्या ओवाळणीतून गुपचूप फेडले, आणि ज्याच्यासाठी फेडले त्याच्याच तोंडून भावाची निंदा ऐकून घेतली. शेवटचा रुपया वळता झाला त्या दिवाळीला तू हसलीस आणि मशीन बघा म्हणालीस. तू एका वाक्यानं मला मोकळं करू शकली असतीस. मीही एका वाक्यानं मोकळा झालो असतो. दोघंही एकमेकांचं वाक्य ऐकायला थांबलो, आणि मशीन राहिलं. याबद्दल मला तुझ्याशी भांडायचंय, शकू. एवढं एक भांडण माझ्या बाजूनं खरं आहे.

पण एक टोचणी दादाच्या बोलण्यानंही गेली नाही. पैसे फिटले, पण पहिल्या भिशीला तू दिलेला शब्द? ह्याच्याबाहेर एक रुपया न्हाई, असं तू बायकांना सांगितलं होतंस आणि त्यांनी तुझ्या त्या शब्दावर पैसे टाकले. दुसऱ्याच आठवड्यात, भाऊबीजेला, तुला कळलं की तो शब्द खोटा होता. तुझ्यासारखीला त्याचं काय झालं असेल?

परवा भिशीचा दिवस होता. बायका आपल्याच घरी आल्या. तुझ्या जागी आता कोण, ते ठरवायचं होतं. भिशीला मी एरवी बाहेर जातो. या वेळी गेलो नाही. उभा राहिलो. म्हणालो, मला एक सांगायचंय. पहिल्या भिशीला तिनं कर्जाचा आकडा सांगितला होता. तो बरोबर नव्हता. पाच हजार जास्त होते.

शेवंताबाईंनी मान वर केली. "त्यो आकडा व्हय? त्यो तर तिनं दुसऱ्याच भिशीला वाढवून सांगितला की."

मला काही उमगेना.

"सगळ्या बसल्यावर म्हनली, बायांनो, माज्याकडनं गेल्या टायमाला पाच हजार कमी सांगितले गेले. माजी चूक झाली. कुनाला पैशे काढून घ्यायचे आसतील तर आत्ता घ्या, मी मोजून देते. कुनी उठलं न्हाई. मी तर घरी जाऊन सांगितलं, जी बाई आपनहून कर्ज वाढवून सांगती तिच्याकडं पैशे बुडायचे न्हाईत. मंग म्हनली, एवढं ह्यांच्या कानावर जाऊ देऊ नका." त्यांनी डोळे पुसले. "आमच्या प्वाटात दुसरं काई ऱ्हात न्हाई, भाऊ. पन हे ऱ्हायलं."

म्हणजे सगळ्यांना ठाऊक होतं. आठ वर्षं मी ज्या बायकांसमोरून मान खाली घालून जात होतो, त्यांना सगळं ठाऊक होतं आणि त्या मला दारातून चहा विचारत होत्या. तुझा शब्द तू एका महिन्यात दुरुस्त केला होतास. त्यात फक्त एकच खोटं ठेवलं होतंस. चूक तुझी, हे.

मी म्हणालो, "चूक तिची नव्हती. तिला माहीतच नव्हतं. मी लपवलं होतं."

शेवंताबाई म्हणाल्या, "ते बी म्हाईत हाय. तुमच्या त्वांडनं ऐकायचं ऱ्हायलं हुतं." आणि सरकून त्यांनी सतरंजीवर मला जागा करून दिली.

तिथं बसल्यावर वाटलं, हे तू ऐकायला हवं होतंस. पण आता खोटं कशाला लिहू, शकू? तू समोर असतीस, तर मी बोललो नसतो.